पंख्याच्या बुशला कोणतं तेल? पाच कॉम्प्युटर, दहा पंखे: कामाच्या नोंदी

11 डिसेंबर 2023, सोमवार

सकाळी साडेनऊला ताईचा फोन. "अरे, दोन नंबरचा कॉम्प्युटर चालू होईना. काळ्या पडद्यावर सीपीयू फॅन एरर दाखवतोय, एफ-1 दाबा म्हणतोय. दारात पीक विम्याचे फॉर्म भरायला माणसं उभी आहेत."

ताईचं इचलकरंजीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मागच्या भिंतीपलीकडे मागांचा कारखाना आहे. तिथली कापसाची तूस दिवसरात्र उडत असते आणि खिडकी बंद ठेवली तरी आत येतेच. पाच कॉम्प्युटर, त्यांचे दहा छोटे पंखे: पाच एसएमपीएसचे (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आणि पाच सीपीयूवरचे (मुख्य चिपवरचे). या नोंदींत एसएमपीएसच्या पंख्यांना एस-1 ते एस-5 आणि सीपीयूच्या पंख्यांना सी-1 ते सी-5 म्हणणार आहे.

मी पोचेपर्यंत अकरा वाजले होते आणि मशीन आपोआप सुरू झालं होतं. कारण लगेच लक्षात आलं. दिवाळीच्या साफसफाईत सी-2, सी-4 आणि एस-3 कुरकुरत होते, म्हणून मी त्यांत खोबरेल तेल सोडलं होतं. तेव्हा आवाज लगेच थांबला आणि मी खूश झालो. आज ताईच्या कपाटातली खोबरेलची बाटली पाहिली तर तेल थिजून पांढरं झालेलं. भिंतीवरच्या तापमापकावर सकाळी 18 अंश होते, असं ताई म्हणाली. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठायला लागतं. पंख्याच्या बुशमध्ये, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या छोट्या नळीत, ते मेणासारखं धरून बसलं होतं. ऊन वर आलं, दुकान तापलं, तेव्हा सुटलं.

फॉर्मची दोन तास खोळंबलेली रांग माझ्या चुकीमुळे होती. आता हे काम नीट करायचं आणि लिहून ठेवायचं ठरवलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

12 डिसेंबर, रात्री

दुकान बंद झाल्यावर सी-2 काढला. 80 मिलिमीटरचा, 12 व्होल्टचा, तीन वायरींचा साधा पंखा. मधल्या गोल भागावरचं स्टिकर नखानं अर्धं उचललं. खाली छोटी खोलगट जागा, तिच्यात दांड्याचं टोक, आणि टोकाभोवती पांढरं प्लॅस्टिकचं लॉक, म्हणजे एका बाजूनं चिरलेला बारीक वॉशर. दोन सुयांनी तो चिरेत पकडून वर काढला आणि पात्यांकडून ओढल्यावर दांड्यासकट पात्यांचा भाग बाहेर आला. आत लोहचुंबकाची कडी असते, त्यामुळे सुरुवातीला थोडं ओढून धरतो.

दांड्यावर जे होतं त्याला तेल म्हणता येणार नाही. बुटाच्या पॉलिशसारखं काळं, चिकट, आणि त्यात तुशीचे बारीक धागे मिसळलेले. काडीनं खरवडलं तर तार निघाली.

कापडानं दांडा पुसला, बुशचं तोंड पुसलं. घरात गंज सोडवायचा स्प्रे पडून होता, तोच बारीक नळीनं बुशमध्ये मारला. सी-4 लाही तेच केलं. दोन्ही पंखे एकदम मऊ फिरायला लागले, फुंकर मारली तरी फिरत होते. वेळ: दोन्ही मिळून दीड तास.

14 डिसेंबर

"मऊ फिरतोय" ही काही मोजणी नव्हे, म्हणून एक साधी जुळणी केली. जुना 19 व्होल्टचा लॅपटॉप चार्जर, त्यापुढे 75 रुपयांचं एलएम 2596 चं मॉड्यूल (व्होल्टेज कमी-जास्त करायची छोटी पट्टी), पुढे पंखा. मॉड्यूलवरचा बारीक स्क्रू फिरवून व्होल्टेज अगदी कमीपासून हळूहळू वाढवायचं आणि पंखा कितीला सुटतो ते मल्टिमीटरवर बघायचं. याला मी "सुटण्याचं व्होल्टेज" म्हणतो. बुश जितका जड, तितकं ते जास्त. दुसरी मोजणी आणखी सोपी: 12 व्होल्टवर एक मिनिट फिरवून वायर काढायची आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत सेकंद मोजायचे.

ताईच्या कॉम्प्युटरवरही एक मोजणी घेतली. सकाळी थंड मशीन चालू केल्यावर दोन नंबरचा मदरबोर्ड (आतली मुख्य सर्किटची पाटी) सीपीयूच्या पंख्याला 12 व्होल्ट देतच नाही, 5.1 देतो. मशीन तापलं की वाढवतो. म्हणजे जो पंखा 5.1 ला सुटत नाही, तो सकाळी एरर देणार. एसएमपीएसच्या पंख्यांना मात्र आमच्या या पाचही डब्यांत सरळ 12 मिळतात. या एका फरकामुळे पुढे तेल निवडताना दोन गट करावे लागले.

एसएमपीएस उघडणाऱ्यांसाठी: वायर काढून लगेच हात घालू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्टच्या आसपास डीसी साठलेलं असतं. मी रात्री वायर काढतो आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडतो, तरीही आधी मल्टिमीटर लावून खात्री करतो.

17 डिसेंबर, रविवार

एस-3 ला ग्रीस लावून पाहिलं. तेल उडून जातं, ग्रीस टिकतं, एवढाच विचार केला होता. छताच्या पंख्याच्या बेअरिंगला घालतात तेच ग्रीस, 35 रुपयांची डबी. दांड्याला पातळ थर दिला आणि पंखा बसवला.

सुटण्याचं व्होल्टेज 8.7. वायर काढल्यावर पातं दोन सेकंदांत थांबलं, ब्रेक लावल्यासारखं. तीन मिलिमीटरचा दांडा आणि त्याच्याभोवती केसाएवढी फट. एवढ्या जागेत ग्रीस घोटायला लागणारा जोर या मोटरकडे नाही. छताच्या पंख्यात गोळ्यांचं बेअरिंग असतं, तिथं ग्रीस चालतं. इथं नुसता बुश आहे. पंखा 12 व्होल्टवर फिरत होता, पण संथ, आणि हात धरला तर हवा जवळजवळ लागत नव्हती. एसएमपीएसमध्ये हा पंखा फिरतोय एवढ्यावर समाधान मानलं असतं, तर आतला माल भाजून निघाला असता.

ग्रीस काढायला पाऊण तास गेला. ते सहज पुसलं जात नाही, बुशच्या तळाशी जाऊन बसतं.

23 डिसेंबर

सी-2 किंचाळतोय. अकराव्या दिवशी. स्प्रे मारून शांत झालेला पंखा आधीपेक्षा वाईट आवाज करायला लागला, सी-4 ही त्याच वाटेवर.

उघडून पाहिला. दांडा कोरडा, चकचकीत, आणि त्यावर बारीक ओरखडे. असल्या स्प्रेमध्ये पातळ करणारं द्रव्य जास्त आणि तेल थोडं असतं. गंजलेला बोल्ट सोडवायला, ओल घालवायला ते चांगलं. बुशमध्ये मात्र त्यानं उरलंसुरलं जुनं तेल धुऊन नेलं, स्वतः उडून गेलं आणि धातूवर धातू घासत राहिला. पहिल्या रात्रीचा मऊपणा हा त्या पातळ द्रव्याचा होता. मी त्यालाच वंगण समजलो.

मागच्या कारखान्यातले जॉबरकाका आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले होते. तीसेक वर्षं माग दुरुस्त करतायत. टेबलावर उघडा पंखा बघून थांबले. दांडा हातात घेतला, अंगठ्याच्या नखानं चाचपला.

"आधी काय घातलंस ह्यात?"

"खोबरेल, मग स्प्रे."

"आणि धुतलंस कधी?"

"पुसलं की, काका."

"पुसणं म्हंजे धुणं न्हवं. जुन्यावर नवं घातलंस की त्याची खळ हुती बघ. तूस आणि तेल मिळून खळच. आधी धू, वाळीव, मग तेल घाल. माग असू दे न्हाईतर तुझा ह्यो पंखा."

सायझिंगची खळ, म्हणजे विणण्याआधी सुताला लावतात ती चिकट पेज, ज्यानं बोटाला लावून पाहिली आहे, त्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. दांड्यावर जे काळं होतं ते तेच होतं. संध्याकाळी काकांनी कोकच्या छोट्या बाटलीत स्पिंडल ऑइल (यंत्रांच्या वेगात फिरणाऱ्या दांड्यांना घालायचं पातळ तेल) पाठवून दिलं. पैसे घेतले नाहीत.

31 डिसेंबर, रविवार

आज फक्त धुणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, अर्धा लिटर 240 रुपये. रॉकेल आणि पेट्रोलचा विचार केला होता, पण रॉकेल स्वतःचा तेलकट थर मागे ठेवतं आणि पेट्रोल घरात उघडं ठेवायची माझी तयारी नाही.

दांडा धुणं सोपं आहे. बुश अवघड. तीन मिलिमीटरच्या भोकात कानातली काडी जात नाही. टूथपिकला कापड गुंडाळलं तर कापड आत अडकून राहिलं. शेवटी धागा सुचला. कारखान्यातून सुती धाग्याची उरलेली कांडी आणली, चार पदरी करून अल्कोहोलमध्ये भिजवली आणि बुशमधून आरपार ओवून दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढली. काळा, काळा, करडा, असा रंग उतरत गेला. पण बुशच्या तोंडाशी बारीक तूस राहिली, जी काढायची तीच. मग पॉलिएस्टरचा धागा घेतला. तो तूस सोडत नाही. सहा-सात धागे बदलले, शेवटचा पांढरा निघाला.

सी-4 चं लॉक चिरेतून सुई निसटल्यावर उडालं. टॉर्च आडवा धरून फरशी शोधण्यात चाळीस मिनिटं गेली, मिळालं नाही. ताईकडच्या भंगारातल्या एका मेलेल्या पंख्याचं काढून बसवलं. तेव्हापासून पंखा पारदर्शक पिशवीत ठेवून, हात आत घालून लॉक काढतो. उडालं तरी पिशवीतच राहतं. मेलेले पंखे टाकू नका, त्यांची लॉकं उपयोगी पडतात.

धुतल्यावर सी-2 मध्ये घाईनं तेल घातलं आणि तासाभरात पुन्हा कुरकुर. बुश भरीव नसतो. ब्राँझची भुकटी दाबून, भाजून केलेला असतो, त्यात सूक्ष्म भोकं असतात आणि तेल त्या भोकांत साठतं. माझ्या बुशची भोकं अल्कोहोलनं भरलेली होती, तेलाला जागाच नव्हती. आता धुतलेला पंखा रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवतो. दुसऱ्या दिवशी केस वाळवायच्या ड्रायरनं बुश हाताला चांगला गरम लागेल इतका तापवतो, तेलाचा थेंब सोडतो आणि गार होऊ देतो. गार होताना बुश तेल आत ओढून घेतो, थेंब खाली जाताना डोळ्यांना दिसतो. अल्कोहोल ओलं असताना ड्रायर लावू नका, ते पेट घेतं.

7 जानेवारी 2024, रविवार

तेलांची तुलना. पंखा एकच, सी-2, म्हणजे बुश आणि मोटर यांचा फरक मध्ये येणार नाही. प्रत्येक तेलानंतर धाग्यानं धुवून, पंख्याखाली वाळवून, मग ड्रायरनं तापवून पुढचं तेल. सकाळी आठला बसलो ते रात्री साडेनऊला उठलो. खोली 22 अंश.

शिलाई मशिनचं तेल (100 मिली, 40 रुपये): सुटण्याचं व्होल्टेज 3.8.
काकांचं स्पिंडल ऑइल: 3.9.
32 नंबरचं हायड्रॉलिक (सुटं, 200 मिली, 50 रुपये): 4.3.
68 नंबरचं हायड्रॉलिक (सुटं, 200 मिली, 50 रुपये): 5.2.
मोटरसायकलचं उरलेलं 20 डब्ल्यू 40 इंजिन ऑइल: 6.0.

नंबर म्हणजे 40 अंशांना तेल किती घट्ट आहे त्याचं माप. 68 नंबरवालं 32 च्या साधारण दुप्पट घट्ट. दुकानात "हायड्रॉलिक 68 द्या" म्हटलं की इथं कुणीही देतं, कारण प्रेस आणि जॅक चालवणारे बरेच जण तेच वापरतात. सुटं तेल घेताना एकच बघितलं: ताज्या डब्यातून समोर ओतून घेतलं, आणि बाटली उजेडात धरून तळाशी गाळ नाही याची खात्री केली.

गियरचं 90 नंबर वापरून पाहिलं नाही. जॉबरकाकांनी आधीच नको सांगितलं होतं. एक तर ते फारच घट्ट, आणि दुसरं, जड गियरसाठी त्यात गंधकाची द्रव्यं घातलेली असतात. गरम असताना ती तांब्या-पितळेला, ब्राँझला काळं करतात. आपला बुश ब्राँझचाच आहे.

आकडे पाहून पहिल्यांदा वाटलं की शिलाई मशिनचं तेल जिंकलं. सगळ्यांत हलकं, सगळीकडे मिळतं. पण एका दिवसाच्या मोजणीत तेल किती टिकतं ते कळत नाही, आणि स्प्रेनं ते चांगलंच शिकवलं होतं. म्हणून ठरवलं: दहाही पंखे धुवायचे आणि तेलं वाटून द्यायची.

14 जानेवारी, रविवार

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ताईनं दुकान दुपारनंतर बंद ठेवलं, म्हणून उरलेलं काम झालं.

एस-1, एस-2: शिलाई मशिनचं तेल.
एस-3, एस-5: 68.
सी-1: स्पिंडल ऑइल. सी-2, सी-4: 32. सी-3: 68.

एस-4 मध्ये काहीच घातलं नाही. पातं धरून आडवं हलवलं तर खटखट वाजलं, दांडा बुशमध्ये अर्धा मिलिमीटर तरी हलतोय. भोक झिजून लांबट झालंय. अशा बुशला कोणतंही तेल चार दिवस आवाज दाबण्यापलीकडे काही करत नाही. नवीन पंखा आणला, 180 रुपये. बसवण्याआधी त्याचं स्टिकर उचलून पाहिलं. आत तेलाचा नुसता ओलसरपणा होता. त्यातही 68 चे दोन युनिट (सिरिंजवरचं माप, खाली सांगितलंय) घातले.

सी-5 उघडताना आणखी एक धडा मिळाला. स्टिकर काढल्यावर पाहिलं तर आत चकचकीत धातूची कडी आणि स्प्रिंग. हा गोळ्यांच्या बेअरिंगचा पंखा निघाला, स्टिकरवर "टू बॉल" लिहिलेलंच होतं, मी वाचलं नव्हतं. अशा बेअरिंगमध्ये कारखान्यातून ग्रीस भरून येतं, पातळ तेल घातलं तर ते ग्रीस धुऊन निघेल. हात न लावता बंद केला.

तेल घालायला इन्सुलिनची सिरिंज वापरतोय. माझ्या सिरिंजवर 100 युनिट म्हणजे 1 मिली, दोन युनिट म्हणजे 0.02 मिली. कोरड्या, धुतलेल्या बुशला गरम करून चार युनिट, आणि दांडा बसवताना दोन. त्यापेक्षा जास्त नाही. प्रत्येक तेलाची सिरिंज वेगळी, वर कागदाची पट्टी.

16 जानेवारी

आज सकाळी तीन नंबरच्या मशीनवर फॅन एरर. सी-3 मध्ये 68 आहे. तापमापक 17. पंखा काढून मोजला तर सुटण्याचं व्होल्टेज 5.8, आणि बोर्ड देतो 5.1 च्या आसपास. थंडीत तेल घट्ट होतं, 22 अंशांना घेतलेला 5.2 चा आकडा इथं कामाचा नाही. धुवून 32 घातलं, तर त्याच सकाळच्या गारठ्यात 4.6. एरर गेली.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन पंखा कायम पूर्ण वेगानं ठेवता येतो, तसं केलं असतं तरी एरर गेली असती. पण मग ताईच्या कानाशी दिवसभर घरघर, आणि तूसही जास्त ओढली जाते.

24 फेब्रुवारी

एस-2 पुन्हा कुरकुरायला लागला. शिलाई मशिनचं तेल घालून सहा आठवडे झाले. उघडला तर लॉकच्या जागी कोरडं, आणि धागा ओढला तर फिकट तपकिरी डाग, ओल जवळजवळ नाही. एसएमपीएसच्या आत दुपारी चांगलीच उष्णता असते, आणि पंखा ती गरम हवाच बाहेर ओढतो. पातळ तेल तिथं तग धरत नाही.

त्याच दिवशी मुद्दाम एस-3 उघडला, 68 वाला. दांडा ओला होता. तेल घातलं त्या दिवसासारखंच स्वच्छ, मधासारखा किंचित पिवळा रंग. दोन्ही दांडे शेजारी ठेवून ताईला दाखवले. ती म्हणाली, "मग सगळ्यात हेच घाल ना." तिला सी-3 ची सकाळ आठवून दिली.

एस-1 आणि एस-2 दोन्ही धुवून 68 वर आणले. अडीच तास.

3 मार्च, रविवार

एस-1 मध्ये वेगळीच अडचण, आणि तिच्यात तेलाचा दोष नाही. स्टिकर उघडं पडलंय. खालून तेल बाहेर येऊन मधल्या भागावर पसरलंय आणि त्यावर तुशीचा जाड थर बसलाय, नमद्यासारखा. तो थर पात्यांच्या मुळाशी घासत होता, आवाज त्याचा.

चुका दोन. 24 तारखेला उशीर झाला होता म्हणून चार युनिटच्या जागी अंदाजानं जास्त तेल ढकललं. आणि स्टिकर परत लावण्याआधी खालची जागा अल्कोहोलनं पुसली नाही. तेलकट जागेवर गोंद धरत नाही. ही खोलगट जागा बंद राहिली पाहिजे, नाहीतर तेल बाहेर जातं आणि तूस आत येते, आणि मग पुन्हा खळ.

सेलोटेप लावून पाहिला, दोन दिवसांत कडा सुटल्या. शेवटी ॲल्युमिनियमचा पातळ टेप आणला, 60 रुपयांचा रोल. त्याची नाण्याएवढी चकती कापायची, जागा दोनदा पुसायची, पूर्ण सुकली की चकती बसवून चमच्याच्या पाठीनं कडा दाबायच्या. टेप वायरींच्या टोकांना किंवा आतल्या पट्टीला शिवणार नाही हे बघायचं, कारण तो वीज वाहून नेतो. ज्यांना ती भीती वाटते त्यांनी कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारा) घ्यावा, महाग पडतो पण उष्णतेत टिकतो.

21 एप्रिल, रविवार

उन्हाळा. दुकानात दुपारी 37.

एस-5 चं 68 बदलायला घेतलं, खरं तर गरज नव्हती, नुसतं बघायचं होतं. पण हा पंखा मध्ये लॉक न दिसणारा निघाला. जानेवारीत मी त्याच्या कडेच्या फटीतूनच तेल सोडलं होतं, असं वहीत लिहिलंय. स्टिकरखाली सलग प्लॅस्टिक. म्हटलं, बारीक भोक पाडू. दीड मिलिमीटरच्या ड्रिलनं पाडलं. प्लॅस्टिकचा कीस थेट बुशमध्ये उतरला. धाग्यानं, अल्कोहोलनं, कॉम्प्रेसरनं प्रयत्न करून झाले. फिरवला की खरखर येतेच. पंखा गेला. नवीन 180 रुपये.

कॉम्प्रेसरबद्दल: कारखान्यातून हवेची नळी आणून तूस उडवतो तेव्हा पातं बोटानं धरून ठेवतो. मोकळं सोडलं तर ते ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरतं आणि बुश रगडला जातो. पहिल्या वर्षी मी तो आवाज ऐकून खूश व्हायचो. एस-4 त्यातच झिजला असावा असं मला वाटतं.

16 जून

पाऊस सुरू. दहाही पंखे शांत. सी-1 (स्पिंडल ऑइल) किंचित जड वाटला, मोजला तर 4.7, जानेवारीत 4.0 होता. धुवून 32 घातलं. आता सीपीयूच्या बुशवाल्या चारही पंख्यांत 32 आणि पाचही एसएमपीएसमध्ये 68.

25 ऑगस्ट, रविवार

खर्च मांडला.

अल्कोहोल 240, शिलाई मशिनचं तेल 40, हायड्रॉलिक दोन्ही मिळून 100, सहा सिरिंजा 60, मॉड्यूल 75, टेप 60, ग्रीस 35, स्प्रे 190, दोन नवीन पंखे 360. एकूण 1160 रुपये. स्प्रे, ग्रीस आणि ड्रिलनं घालवलेला पंखा वजा केले तर 755. वेळ एकूण 31 तास, त्यातले अर्ध्याहून जास्त चुका निस्तरण्यात.

दहा नवीन पंखे 1800 रुपयांत आले असते. ज्याच्याकडे एकच पंखा आहे आणि बाजार जवळ आहे, त्यानं सरळ नवा घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. पण आमच्या हवेत नवा पंखाही कोरडा पडतोच. ताईच्या वहीत आहे: मागच्या वर्षी घेतलेला सी-4 पाच महिन्यांत कुरकुरायला लागला होता. नवीन आणला तरी स्टिकर उचलून दोन युनिट तेल घालावंच लागतं, आणि ते कोणतं घालायचं हे माहीत असावं लागतं.

ज्यांच्याकडे मोजायची जुळणी नाही त्यांच्यासाठी: पंखा सरळ 12 व्होल्टवर चालत असेल आणि गरम जागेत असेल तर 68. बोर्ड त्याचा वेग कमी-जास्त करत असेल तर 32. दोन्ही मिळत नसतील तर शिलाई मशिनचं तेल चालेल, पण दीड-दोन महिन्यांनी पुन्हा उघडायची तयारी ठेवून.

8 डिसेंबर 2024, रविवार

वर्ष झालं. आज सकाळी मुद्दाम आठलाच दुकानात गेलो. तापमापक 17, कपाटातलं खोबरेल पांढरं. पाचही मशीन एकामागून एक चालू केली. एकही एरर नाही. ताई झाडू थांबवून पडद्यांकडे बघत उभी होती, म्हणाली, "चला, आज तरी चहा निवांत."

सीपीयूचे चार आणि एसएमपीएसचे दोन पंखे काढून मोजले. सी-2 चं सुटण्याचं व्होल्टेज 4.7, सी-1 चं 4.6, सी-3 चं 4.8. एस-2 आणि एस-3 चे टेप घट्ट होते, उघडल्यावर धागा ओला आणि फिकट चहासारखा आला, म्हणून फक्त एकेक युनिट वरून घातलं. सी-4 मात्र 5.0, आणि त्याच्या धाग्यावर करडी रेघ. याच्या टेपची एक कडा वायरीजवळ उचललेली होती. तो धुतला, वाळायला ठेवलाय. उद्या दुपारी ड्रायरनं तापवून 32 चे चार युनिट, आणि यावेळी चकती थोडी मोठी कापणार.